आण्णांचा पाय आणि खंड्याचा पाय

ताई, नमस्कार.
आम्ही औसा तालुक्यातले. आण्णांचं वय ६१, शुगर १४ वर्षांपासून. दिवाळीनंतर रानात त्यांच्या उजव्या पायात बाभळीचा काटा मोडला. दुखलंच नाही म्हणून कोणाला बोलले नाहीत. हळद लावली, गावातल्या डॉक्टरकडून दोन इंजेक्शनं घेतली. आता दोन बोटं काळी पडलीत, तळपाय सुजलाय, वास येतो, परवापासून ताप आहे. लातूरच्या सर्जननी पाय गुडघ्याखालून काढावा लागेल म्हणून सांगितलं. आण्णा म्हणायलेत, ‘अख्खा आलो, अख्खा जाईन. पायाला हात लावायचा नाही.’ चुलते म्हणतात, त्यांना काही सांगू नका, जखम धुवायची म्हणून आत न्या, सही आपण करू. शुद्धीवर आल्यावर दोन दिवस रडतील आणि गप बसतील. भाऊ चाकणला कंपनीत आहे, तो फोनवर ‘तुम्हीच ठरवा’ म्हणतो.

त्यातच आमच्या खंड्या कुत्र्याला मागच्या आठवड्यात हायवेवर पिकअपनं उडवलं. पुढचा डावा पाय लोंबतोय, पंजा उलटा घासत चालतो, त्यावर जखम झालीय. उदगीरच्या जनावरांच्या कॉलेजात नेलं तर तिथले डॉक्टर म्हणाले, नस तुटलेली दिसते, पाय खांद्यापासून काढलेला बरा. आई म्हणते, एका घरात एका महिन्यात दोन पाय कापायचे म्हणजे काहीतरी वंगाळ आहे, कुत्र्याला कुठंतरी सोडून या. आण्णा मात्र म्हणायलेत, ‘खंड्याचा काढा, त्याला वाचवा.’ माझं डोकं चालंना. काय करू?
– एक लेक, औसा तालुका

ताई,

तुमच्या पत्रात ‘वास येतो’ आणि ‘ताप आहे’ एवढं वाचलं आणि मी आधी फोन लावला. एरवी या सदरातून उत्तर जायला आठ-पंधरा दिवस लागतात. आण्णांच्या पायाकडं तेवढे दिवस नव्हते. फोनवर गडबडीत बोललेलं तुम्हाला पुन्हा नीट वाचता यावं, आणि अशीच काळजी उशाला घेऊन झोपणारी आणखीही घरं असतील, म्हणून आज रात्रीच सविस्तर लिहिते.

बोटं काळी पडण्याचे दोन प्रकार असतात. एकात रक्त पोचत नाही म्हणून बोट वाळतं, काळं आणि कडक होतं. पू नाही, वास नाही, ताप नाही. तिथं डॉक्टरांना थांबून तपासण्या करायला वेळ मिळतो, कधी काही आठवडेसुद्धा. दुसऱ्यात जंतू आत शिरलेले असतात. सूज, ओल, वास, ताप. हे विष रक्तात उतरलं की बीपी पडतं, मूत्रपिंडं बसतात आणि चालताबोलता माणूस एक-दोन दिवसांत हातचा जाऊ शकतो. आण्णांचा प्रकार हा दुसरा आहे. अशा पायावर कडुलिंबाचा पाला, कुणाच्या ओळखीतला झाडपाल्याचा वैद्य, ‘आठ दिवस औषध घालून बघू’, यातलं काहीच नको. आणि काटा मोडल्यावर सांगितलं का नाही म्हणून आण्णांना बोल लावू नका. बरीच वर्षं शुगर असली की पायाच्या नसा बधिर होतात. त्यांना खरंच दुखलं नव्हतं.

तुम्ही त्यांना आजच भरती केलंत. पू काढलाय, सलाइनमधून अँटिबायोटिक चालू आहे, सर्जननी परवा सकाळपर्यंत निर्णय मागितलाय. म्हणजे बोलायला उद्याचा दिवस आहे.

चुलत्यांनी सुचवलं ते वाईट मनानं नाही. मोठं दुखणं दुखणेकऱ्यापासून लपवायची आपल्याकडं रीतच आहे. तरी ते करू नका. कायद्यातही ते बसत नाही. रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमती त्याचीच लागते, आणि एका कामासाठी दिलेली संमती दुसऱ्या मोठ्या ऑपरेशनला चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सांगून ठेवलंय. जिवावर बेतलेल्या आणीबाणीला सूट आहे. पण खाटेवर बसून चहात साखर का नाही म्हणून भांडणाऱ्या माणसाला ती सूट लागू होत नाही.

कायदा बाजूला ठेवा. मी फिजिओथेरपिस्ट, माणसं माझ्याकडं ऑपरेशन झाल्यावर येतात. न सांगता ज्यांचा पाय काढला ती लगेच ओळखू येतात. व्यायाम म्हटलं की भिंतीकडं तोंड. गोळी हातावर ठेवली की ‘ही कशाची?’ घरच्यांनीच एकदा फसवलं म्हटल्यावर पुढं इन्सुलिनसुद्धा संशयाचं होतं. पाय गेल्यानंतरचे पहिले दोन-तीन महिने तर सगळा कारभार त्या माणसाच्या मर्जीवर चालतो. पट्टी बांधून घ्यायची की नाही, पालथं झोपायचं की नाही, पडायची भीती असताना उभं राहायचं की नाही, हे सगळं त्याच्याच हातात. चुलते म्हणतात, दोन दिवस रडतील. रडले तर बरंच की. न रडता वर्षभर अबोला धरलेले मी जास्त बघितलेत.

खंड्याला विचारायची सोय नाही, म्हणून त्याच्या वतीनं आपण ठरवतो. आण्णांना विचारायची सोय आहे. तुमच्या घरात मात्र कुत्र्याच्या पायावर चार लोक बसून चर्चा करताहेत आणि आण्णांचा पाय परस्पर निकाली काढायला निघालेत.

एक धोका ध्यानात असू द्या. ताप चढला, शुगर फार वरखाली झाली तर आण्णा भ्रमात जाऊ शकतात, काहीबाही बोलू शकतात. तसं झालं तर निर्णय खरोखरच तुमच्यावर येईल. म्हणून उद्या ते सावध असतानाच हेही विचारून घ्या, की तुम्हाला कळेनासं झालं तर आम्ही काय करावं? तेव्हा काय म्हणाले ते आई आणि भाऊ दोघांनाही ऐकू द्या, भावाला फोन चालू ठेवून का होईना.

बोलायचं तुम्हीच. चुलते, भावकी, भेटायला आलेले पाव्हणे यांच्या घोळक्यात नको. आपल्याकडं चार माणसांसमोर एकदा ‘नाही’ म्हटलेला पुरुष पुन्हा ‘हो’ म्हणायला लाजतो. दुपारी वॉर्ड निवांत असतो तेव्हा खाटेशेजारी बसा, ‘अख्खा जाईन’ हे वाक्य खोडू नका, आणि विचारा की नेमकी भीती कशाची वाटते.

माझ्या अनुभवात त्या वाक्यामागं बहुधा यातलं काहीतरी निघतं. संडासला कसं बसायचं. रानात कसं जायचं. सुनेनं धरून न्यायचं का. गावात पोरं लंगडा म्हणतील. पैसे किती लागतील आणि त्यासाठी बैल किंवा एखादा एकर जाईल का. आणि कधीकधी वाक्याचा सरळ अर्थच खरा असतो: मेल्यावर देह अर्धवट जाळला जाईल ही भीती. ही शेवटची भीती हसण्यावारी नेऊ नका. रुग्णालयाला काढलेला अवयव नियमानं पिवळ्या पिशवीत टाकून जाळायला पाठवावा लागतो. पण अंत्यसंस्कारासाठी घरच्यांच्या ताब्यात मिळू शकतो का, हे ऑपरेशनच्या आधी सर्जनना विचारता येतं. नंतर विचारून उपयोग नसतो. एक आजोबा एवढ्याच बोलण्यावर राजी झालेले मला आठवतात. घरच्यांनी तोवर त्यांना मधुमेहावर पुष्कळ व्याख्यानं दिली होती.

जयपूर फूट लावून नाचणाऱ्या सुधा चंद्रन आणि कृत्रिम पायानं २०१३ मध्ये एव्हरेस्ट चढलेल्या अरुणिमा सिन्हा यांची नावं कोणीतरी नक्की काढेल. थोर बाया आहेत. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांची गोष्ट सांगू नका. आण्णांना एव्हरेस्ट चढायचा नाही, विहिरीवरची मोटर चालू करायला जायचंय.

सर्जनना काय विचारायचं ते कागदावर लिहून न्या, राउंडला पाच मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात सगळं विसरायला होतं. पायाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते बघायची सोनोग्राफी, झालाय का, रक्त कुठवर पोचतंय? रक्तवाहिनीत फुगा घालून किंवा बायपास करून रक्तपुरवठा सुधारता येतो का, आणि आला तर काढायचा भाग कमी होईल का? नुसती बोटं किंवा अर्धा पंजा का नाही? गुडघा नक्की वाचतो ना? हे आण्णांच्या समोर विचारा. दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायचं असेल तर उद्याच्या उद्या घ्या. लातूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ आहे. रिपोर्ट घेऊन माणूस पाठवा, आण्णांना खाटेवरून हलवू नका.

बोटं काढून बघू, असा आग्रह घरचे फार करतात, आणि तो समजण्यासारखा आहे. पण रक्त पोचत नसलेल्या जागी कापलं तर ती जखमच भरत नाही. मग बोटं, मग पंजा, मग घोटा, असं तीन-चारदा टेबलावर जावं लागतं, दर वेळी माणूस खचत जातो, आणि शेवटी गुडघाही हातचा जातो. त्या गुडघ्यासाठी सर्जनची घाई चाललेली असते. गुडघा शाबूत असेल तर कृत्रिम पायानं चालायला एरवीपेक्षा साधारण पाव ते निम्मी शक्ती जास्त लागते. पाय मांडीतून गेला तर वयस्क माणसाला ती दुपटीच्या घरात जाऊ शकते, आणि म्हणून असे बरेच जण पाय मिळूनही तो कोपऱ्यात उभा करून ठेवतात. आण्णांना हे आकडे सांगा. शेतकरी माणसाला हिशेब कळतो.

हे सगळं कळूनही ते नाही म्हणाले तर? मग तो त्यांचा नकार आहे. धमकी, उपास, आईला रडायला पुढं करणं, यातलं काही नको. डॉक्टरांना विचारा की पाय न काढता जेवढं करता येतं, म्हणजे अँटिबायोटिक, जखम साफ करणं, दुखणं कमी ठेवणं, तेवढं कराल का, आणि त्यात काय होण्याची शक्यता जास्त आहे ते आण्णांना स्पष्ट शब्दांत सांगाल का. ‘काही सांगता येत नाही’ असल्या गोल शब्दांत नको. ‘यात तुमचा जीव जाऊ शकतो’ असं. आणि पुढच्या प्रत्येक सकाळी एकदा पुन्हा विचारा. रात्रभरात मत बदललेली माणसं पुष्कळ असतात.

आता खंड्या.

तुमच्या वर्णनावरून उदगीरच्या डॉक्टरांचं म्हणणं पटतं. गाडीच्या धक्क्यात पुढचा पाय ओढला गेला की काखेतलं नसांचं जाळं पाठीच्या कण्यापासूनच उपटून निघतं. तसं तुटलेलं पुन्हा जुळत नाही. पंजा उलटा पडतो, जनावराला जाणीव नसते म्हणून ते घासत चालतं आणि हाडापर्यंत जखम करून घेतं, कधी स्वतःच चावतं. डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून बघितलं का, एवढं विचारा. थोडी जरी जाणीव असेल तर बँडेज बांधून काही आठवडे वाट बघायला हरकत नसते. अजिबात नसेल तर पाय ठेवून कुत्र्याचा काही फायदा नाही. खांद्यापासून का, असं तुम्हाला वाटलं असेल. अर्धा ठेवला तर उरलेला तुकडा जमिनीवर आपटत राहतो आणि जखम होते.

कुत्र्याच्या अंगाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळं मागच्यापेक्षा पुढचा पाय जाणं जरा अवघड. तरी बाकीचे तीन पाय धड असतील आणि अंगात चरबी नसेल तर बहुतेक कुत्री दोन-तीन दिवसांत उभी राहतात आणि महिन्याभरात पळतात. लाडानं जाड करू नका, आता तीनच पायांवर सगळा भार आहे.

आईच्या मनात जे आलंय त्यावर वाद घालू नका. एक काटा बाभळीचा होता आणि एक पिकअप हायवेवरची होती, एवढंच म्हणा आणि सोडा. पण कुत्र्याला सोडून यायचं नाही हे ठाम. उघडी जखम घेऊन फिरणाऱ्या कुत्र्याच्या अंगात आठवड्यात किडे पडतात आणि ते हाल हाल होऊन मरतं. तुम्हाला खर्च किंवा सेवा झेपणारच नसेल तर डॉक्टरांच्या हातानं झोपेचं इंजेक्शन देणं त्यापेक्षा दयेचं आहे. मी तसं सुचवत नाहीये, कारण खंड्याला चांगलं आयुष्य उरलेलं दिसतंय. दोन्ही ऑपरेशनं एकाच आठवड्यात मात्र करू नका, तुमच्या घरात तेवढे हात नाहीत. आण्णांचं आधी. तोवर खंड्याचा पंजा रोज धुऊन, मलम लावून, मऊ बँडेजमध्ये ठेवा, आणि डॉक्टरांना विचारून पुढची तारीख घ्या. हाड उघडं दिसलं किंवा किडे दिसले तर मात्र थांबायचं नाही.

ऑपरेशननंतर टाके दहा ते चौदा दिवस. त्याला चाटू द्यायचं नाही; गळ्यात घालायची प्लास्टिकची टोपी मिळाली नाही तर बूड कापलेली छोटी बादली चालते. माशा बसू देऊ नका. तुमच्या घरात शहाबादी फरशी असणार, ती तीन पायांच्या कुत्र्याला फार निसरडी, तेव्हा जुनी पोती अंथरा. आणि घरातली ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, क्रोसिन यातली कोणतीही गोळी त्याला देऊ नका. आपल्याला सोसतं ते कुत्र्याच्या पोटाला, लिव्हरला, मूत्रपिंडाला घातक ठरतं. दुखण्याचं औषध जनावरांच्या डॉक्टरचंच.

‘खंड्याचा काढा, त्याला वाचवा’ असं आण्णा म्हणाले, तेव्हा तुम्हाला नक्की वाटलं असेल की हाच धागा पकडावा. पकडा, पण हळू. का म्हणालात तसं, एवढंच विचारा आणि ऐकून घ्या. लगेच ‘मग तुमचं काय?’ म्हणून टोकलंत की बोलणं तिथंच संपेल. पुढंही खंड्याचा दाखला देऊ नका. तो पंधरवड्यात अंगणभर फिरत असेल आणि आण्णांना तेव्हा खाटेवरून खाली उतरायला धाप लागत असेल. कोणीतरी पाव्हणा येऊन म्हणेलच, ‘बघा, कुत्रं उभं राहिलं.’ त्या पाव्हण्याला चहा न विचारता वाटेला लावा. खंड्याला तीन पाय उरलेत, लाज नाही आणि गावकीत मान नाही. आण्णांना एक पाय उरतो आणि बाकीचं सगळं असतं.

आण्णा हो म्हणाले असं धरून पुढचं सांगते.

पाय काढल्यावर पहिल्या काही दिवसांत ते म्हणतील, ‘अंगठा खाजवतोय’, ‘टाचेत आग होतेय’. घाबरू नका आणि ‘पाय कुठंय आता?’ असंही म्हणू नका. निम्म्याहून जास्त लोकांना गेलेल्या पायात दुखतं. मेंदूतला पायाचा नकाशा तसाच असतो, म्हणून. ते खरं दुखणं आहे. त्यावर औषधं आहेत, डॉक्टरांना सांगितलं तरच देतील. जखम भरल्यावर उरलेल्या भागाला हलक्या हातानं चोळणं, थोपटणं यानं बऱ्याच जणांना आराम पडतो. आरशाचाही एक उपाय आहे, १९९० च्या दशकात डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी पुढं आणलेला. दोन पायांच्या मध्ये आरसा उभा धरून चांगला पाय हलवायचा आणि आरशात बघायचं. सगळ्यांना लागू पडत नाही, पण खर्च आरशाचाच. फिजिओकडून एकदा शिकून घ्या.

माया म्हणून घरचे एक गोष्ट हमखास करतात: गुडघ्याखाली उशी. काढून टाका. गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडला की कृत्रिम पाय बसवताच येत नाही, आणि इतक्या कष्टानं वाचवलेला गुडघा वाया जातो. खाटेवर पाय सरळ, आणि सर्जननी परवानगी दिल्यावर दिवसातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटं पालथं झोपणं. इलॅस्टिकची पट्टी इंग्रजी आठच्या आकारात, टोकाला घट्ट आणि वर सैल, म्हणजे सूज उतरून आकार निमुळता होतो. वर घट्ट आणि खाली सैल झाली तर उलट खाली सूज भरते. सिस्टरकडून तुम्ही स्वतः बांधायला शिका, दिवसात दोन-तीनदा तरी सोडून बांधावी लागते.

रात्री फार जपा. झोपेत पाय आहे असं समजून माणूस उठतो आणि टाक्यांवर पडतो. खाटेजवळ भांडं ठेवा, दिवा चालू ठेवा, आण्णा एकट्यानं उठणार नाहीत असं बघा. घरी न्यायच्या आधी संडासात कमोडची खुर्ची आणि भिंतीला धरायला दांडी लावून घ्या. भावाला ‘तुम्हीच ठरवा’ म्हणायची सवय आहे ना, तर हे काम त्याला द्या. एक शनिवार-रविवार येऊन गवंडी बोलावणं हे फोनवर मत देण्यापेक्षा उपयोगी आहे.

आणि दुसरा पाय. एक पाय गेलेल्या मधुमेही माणसाचा दुसरा पाय सगळ्यात जास्त धोक्यात असतो, कारण शुगर तीच, नसा त्याच आणि भार दुप्पट. रोज संध्याकाळी तळवा आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघायच्या. गरम पाण्यात पाय शेकायचा नाही, अनवाणी घराच्या उंबऱ्याबाहेर जायचं नाही, चप्पल घालायच्या आधी झटकायची. पत्रात तंबाखूचं काही लिहिलं नाहीत. खात असतील किंवा बिडी असेल तर ती बंद व्हायला हवी, तिनं रक्तवाहिन्या आवळतात आणि जखम भरत नाही. त्यासाठी मात्र भांडा, माझी परवानगी आहे.

कृत्रिम पाय लगेच मिळत नाही. जखम भरून सूज उतरायला साधारण दीड ते तीन महिने जातात, शुगर असली की जास्तच. गावाकडं शिबिरं लागतात, फुकट मिळतोय म्हणून लोक सूज असतानाच माप देऊन येतात आणि मग तो पाय महिन्यात ढिला होतो. आण्णांसारख्यांना जयपूर फूट बरा. रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकात जयपूरला तो घडवला तो आपल्या लोकांचं जगणं बघूनच: अनवाणी चालता यावं, चिखलात जाता यावं, खाली बसता यावं. पंगतीत मांडी घालून बसणंही गुडघा शाबूत असलेल्या बऱ्याच जणांना जमतं. भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून तो मोफत देते, आणि केंद्राच्या योजनेतून कानपूरच्या अलिम्को कंपनीची साधनंही मिळतात.

पैशाचं थोडक्यात. रुग्णालयात सरकारी योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र असतो, त्याच्याकडं रेशनकार्ड आणि आधार घेऊन उद्याच कोणालातरी पाठवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, हे ऑपरेशन तिथं बसवता येतं का ते तो सांगेल. नंतर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. एसटीची सवलत आणि बाकीचं त्यावरच चालतं. गावात कोणीतरी सल्ला देईल की काटा मोडला म्हणजे अपघातच, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून एक लाख काढून देतो. ती योजना कडबाकुट्टीत हात गेला, मळणीयंत्रात पाय गेला अशांसाठी आहे. आण्णांचा पाय शुगरनं चाललाय, कागदावर तेच लिहिलेलं असणार. दलालाच्या नादी लागू नका.

वेळा अमावस्या, आपल्याकडचा रानात जाऊन पूजा-जेवणाचा सण, जवळ आलीय. यंदा आण्णांना चालत रानात जाता येणार नाही. पण टाके सुकले असतील आणि डॉक्टर हो म्हणाले तर गाडीतून न्या, कोपीजवळ खुर्ची टाका, अंबिल प्यायला बसवा. शुगर बघून, भज्जी चालेल. घरात बसवून ‘तुम्ही आराम करा’ म्हणण्यानं माणूस जेवढा खचतो तेवढा पाय गेल्यानं खचत नाही. हिरमुसले, जेवण टाकलं, रात्रभर जागे राहिले, ‘कशाला जगवलं’ म्हणायला लागले, तर तो स्वभाव समजून सोडून देऊ नका; जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं न्या.

तुमच्याबद्दल तुम्ही पत्रात काहीच लिहिलं नाहीत. सासर, लेकरं, स्वतःची झोप. रुग्णालयात रात्रीची पाळी आई, तुम्ही आणि चुलत्यांच्या घरातलं एखादं पोरगं अशी वाटून घ्या, आणि खंड्याची पट्टी शेजारच्या कुणाला तरी शिकवून ठेवा.

उद्या राउंड सकाळी दहाच्या सुमारास होईल म्हणालात. प्रश्नांचा कागद घेऊन नऊलाच खाटेपाशी थांबा. चुलत्यांना साडेनऊला आरोग्यमित्राच्या खिडकीसमोर रांगेत उभं करा. त्यांना काम हवंच आहे, आणि ती रांग तासभर तरी हलत नाही.